तीव्र मध्यम : कल्याण थाटाचा एक धडा

सात स्वरांची नावे पाठ झाली आणि पेटीवर बोटे फिरू लागली, की संगीताचा पाया पक्का झाला असे विद्यार्थ्यांस वाटू लागते. शिक्षकांसही कधीकधी तसेच वाटते, आणि शिक्षकांची ही समजूत विद्यार्थ्यांच्या समजुतीपेक्षा महाग पडते. आमची पडली. ती कशी, हे सांगूनच या धड्यास आरंभ करणे आम्हांस बरे वाटते.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी आम्ही वीस मुलामुलींकडून यमन रागातील एक स्वागतगीत बसवून घेतले. दीड महिना तालीम झाली. आम्ही पेटीवर ओळ वाजवावी व मुलांनी ती मागून म्हणावी, असा क्रम होता. गीत छान जमले होते. समारंभाच्या सायंकाळी मात्र पहिल्याच आलापात पेटीचा भाता फाटला. तबला होता, तंबोरा नव्हता, कारण पेटी असता तंबोऱ्याची यातायात कशास, असे आम्हीच म्हटले होते. मुलांनी धीर सोडला नाही. पहिले कडवे ठीक गेले. दुसऱ्या कडव्यात मध्यम किंचित खाली बसला. तिसऱ्यात तो इतका उतरला की यमन कोठल्या कोठे गेला आणि मुले निर्धास्तपणे बिलावलाचे स्वर गात राहिली. टाळ्या भरपूर पडल्या. श्रोत्यांत एका विद्यार्थिनीच्या शेजारी राहणाऱ्या तेलुगू बाई होत्या. त्यांनी लहानपणी कर्नाटक संगीताचे शिक्षण घेतले होते. जाताना त्या हसून एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, गाणे कल्याणीत सुरू झाले आणि शंकराभरणात संपले."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मुलांचा दोष नव्हता. दीड महिना आम्ही त्यांस तीव्र मध्यम ऐकवीत होतो; तो कोठे राहतो हे सांगितलेच नव्हते. तेच आता सांगावयाचे आहे.

प्रथम थोडी ओळख. सर्व स्वर शुद्ध असले म्हणजे बिलावल थाट होतो. त्यातील एकच स्वर, मध्यम, तेवढा तीव्र केला की कल्याण थाट होतो. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लेखनपद्धतीत तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ देतात. आपणही तो म॑ असा लिहू. मंद्र निषाद ऩि असा व तार षड्ज सां असा लिहू. कल्याणाचे स्वर मग असे झाले :

सा रे ग म॑ प ध नि सां

यांतील अंतरे पाहा. सा-रे, रे-ग व ग-म॑ ही तीन पूर्ण अंतरे एकापाठोपाठ येतात. मग म॑-प हे अर्धे अंतर. पुन्हा दोन पूर्ण, आणि शेवटी नि-सां हे अर्धे. युरोपीय संगीतात याच स्वरक्रमास लिडियन मोड म्हणतात. लिडिया हे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील एक प्राचीन राज्य. ग्रीक लोक ज्यास लिडियन म्हणत तो क्रम निराळा होता. मध्ययुगातील ख्रिस्ती संगीतशास्त्रकारांनी ते जुने नाव या क्रमास लावले आणि तेच पुढे रूढ झाले. नावांच्या बाबतीत असे घोटाळे आपल्याकडेही थोडे नाहीत.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. पांढरी एक ही पट्टी षड्ज धरून ओळीने पांढऱ्याच पट्ट्या दाबल्या तर बिलावल वाजतो. आता पांढरी चार षड्ज धरा आणि काळ्या पट्टीस स्पर्श न करता पुढील पांढरी चारपर्यंत जा. कल्याण वाजेल. पट्ट्या त्याच, स्वर तेच. केवळ षड्ज हलला. भरताच्या नाट्यशास्त्रात ज्या मूर्च्छना सांगितल्या आहेत त्यांतील युक्ती हीच आहे : एकाच स्वरमालिकेत आरंभस्थान बदलावे व नवी मालिका मिळवावी. हा प्रयोग पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

त्या तेलुगू बाईंच्या वाक्याकडे आता वळू. आपले मंचेरियल गोदावरीच्या काठी वसले आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. येथे एकाच गल्लीत एका घरी मराठी अभंग म्हणतात व पलीकडच्या घरी तेलुगू कीर्तन. मराठी मुलास प्रथम बिलावलाचे शुद्ध स्वर शिकवितात, आणि पुष्कळदा त्याचा पहिला राग यमन असतो. तेलुगू मुलाचे पहिले पाठ मायामालवगौळ मेळात होतात, म्हणजे आपल्या भैरवाच्या स्वरांत. अशा दोन वाटांनी येणारी मुले कल्याणाशी येऊन भेटतात. आपण ज्यास कल्याण थाट म्हणतो त्यास ते मेचकल्याणी म्हणतात. आपल्या बिलावलाचे त्यांच्याकडील नाव धीरशंकराभरण. तीव्र मध्यमास ते प्रतिमध्यम म्हणतात. त्यागराजांनी (१७६७–१८४७) कल्याणी रागात तेलुगू कीर्तने रचली व ती आजही घरोघर गायिली जातात. त्र्यंबकेश्वरास उगम पावलेली गोदावरी येथे तेलुगू ऐकत वाहते, तसेच हे म्हणावे.

कर्नाटक पद्धतीत बहात्तर मेळ आहेत आणि प्रत्येकाचा क्रमांक त्याच्या नावातच लपविलेला असतो. आमच्या वर्गातील गणितप्रिय मुलांस हे फार आवडते, म्हणून येथे देतो. क पासून मोजता च सहावा. प पासून मोजता म पाचवा. 'मेच' यातील म चे पाच व च चे सहा, आणि अंक उलट वाचावयाचे, झाले पासष्ट. मेचकल्याणी हा पासष्टावा मेळ. 'धीर' यातील ध हा ट पासून मोजता नववा, आणि र हा य पासून दुसरा. उलट वाचता एकोणतीस. धीरशंकराभरण हा एकोणतिसावा. पासष्टांतून एकोणतीस वजा केले की छत्तीस उरतात. पहिल्या छत्तीस मेळांत मध्यम शुद्ध आहे आणि पुढच्या छत्तिसांत तेच मेळ तीव्र मध्यम घेऊन पुन्हा येतात. एका स्वराने साऱ्या व्यवस्थेचे दोन समान भाग केले आहेत, यावरून त्या स्वराची योग्यता कळेल. भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासास गेले, तेथील मेळपद्धतीचा त्यांनी अभ्यास केला आणि पुढे उत्तरेकडील रागांसाठी दहा थाट निश्चित केले. 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने मराठीत लिहिलेला आहे. पहिला भाग १९१० साली निघाला व चौथा १९३२ साली. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी त्याची काही पाने तरी चाळावीत. भाषा जुनी आहे, पण शिष्य अगदी आपल्यासारखे प्रश्न विचारतो.

आता मूळ प्रश्न. मुलांचा मध्यम खाली का उतरला? आणि तो वर न जाता खालीच का जातो?

बिलावलाचे दोन तुकडे करा : सा रे ग म आणि प ध नि सां. दोन्ही तुकड्यांची चाल एकच आहे. पूर्ण, पूर्ण, अर्धे. पहिला तुकडा गाणाऱ्यास दुसरा आपोआप येतो. लहान मुलाच्या कानास ही जोडी फार सोयीची वाटते, आणि एकदा ती कानात बसली की गळा तिच्याकडे धावतो. कल्याणात ही जोडी मोडते. खालच्या अर्ध्या भागात अर्धे अंतर उरतच नाही. सा पासून म॑ पर्यंत तीन पूर्ण पावले टाकावी लागतात. तिसऱ्या पावलावर गळा सवयीने अर्धेच पाऊल टाकतो, आणि मध्यम शुद्धावर येऊन बसतो. त्यात षड्ज ऐकू येत नसेल तर चूक झाल्याचे गाणाऱ्यास कळतही नाही. आमच्या मुलांचे नेमके तेच झाले.

हे केवळ मंचेरियलच्या मुलांचेच झाले असे नाही, एवढे समाधान आम्हांस नंतर वाचनात मिळाले. युरोपातील मठांत जे गायक शतकानुशतके लिडियन मोडमधील स्तोत्रे गात आले, त्यांचाही चौथा स्वर असाच उतरत असे. पुढे पुढे तो कोमल करून गाण्याचीच वहिवाट पडली. ग्लारेआन या स्विस पंडिताने १५४७ साली मोडांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा शुद्ध चौथा स्वर असणाऱ्या क्रमास त्याने आयोनियन असे स्वतंत्र नाव दिले. म्हणजे कल्याण गाता गाता बिलावल व्हावा आणि अखेर बिलावलास निराळे नाव द्यावे लागावे, असाच तो प्रकार. पोलंडच्या खेड्यांतील नाचगाण्यांत मात्र चढा चौथा स्वर टिकून राहिला, व तेथून तो शोपँच्या माझुर्कांत आला.

बेथोव्हेनची गोष्ट तर मुलांनी ऐकण्यासारखी आहे. १८२५ साली तो कठीण दुखण्यातून उठला. त्यानंतर पूर्ण केलेल्या ए मायनर चतुष्कात, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेत, त्याने एक संथ भाग लिहिला व त्यास रोगमुक्त माणसाने देवास केलेले कृतज्ञतेचे गीत, लिडियन मोडमध्ये, अशा अर्थाचे शीर्षक दिले. तो भाग ऐकताना भारतीय कानास एक चमत्कारिक अनुभव येतो. स्वर कल्याणाचे आहेत, पण मन पुनःपुन्हा दुसऱ्याच षड्जाकडे ओढले जाते. याचे कारण वर सांगितलेल्या पेटीच्या प्रयोगात आहे. पांढऱ्या पट्ट्या त्याच असल्यामुळे, खालून पांढरी चार सतत निनादत नसेल, तर कान पांढरी एक हाच षड्ज मानू लागतो. त्यांच्याकडे तंबोरा नाही, आपल्याकडे आहे. तंबोरा निनादू लागला की षड्जास हलता येत नाही, आणि षड्ज हलला नाही म्हणजे तीव्र मध्यमास आपली जागा सापडते. आणि असा तंबोरा आम्ही त्या सायंकाळी यातायात म्हणून घरी ठेवला होता!

ही जागा कोणती, ते आकड्यांनी पाहू. आकड्यांस भिऊ नये. त्रैराशिक येत असेल तर पुरे. षड्जाची दर सेकंदास २४० आंदोलने धरली तर रे २७०, ग ३००, शुद्ध म ३२०, प ३६० व नि ४५० येतात. मंद्र निषाद त्याच्या निम्मा, २२५. षड्जापासून पंचम दीडपट असतो, हे तुम्हांस ठाऊकच आहे. आता २२५ ची दीडपट करा. ३३७.५ येतात. हाच तीव्र मध्यम. तो मंद्र निषादाचा पंचम आहे. दुसरीकडून पाहा : सा पासून रे जितका वर, म्हणजे २४० वरून २७०, तितकाच ग पासून म॑ वर, म्हणजे ३०० वरून ३३७.५. दोन्हीकडे आठास नऊ हे प्रमाण. तेव्हा तीव्र मध्यम शुद्ध मध्यमास वर खेचून मिळवावयाचा नसतो. त्याचे नाते शेजारच्या शुद्ध मध्यमाशी फारसे नाहीच. त्याची माणसे निषाद व गंधार ही आहेत. आम्ही मुलांस "म जरा चढवा, आणखी चढवा" असे सांगत होतो. चढविलेली वस्तू हात सोडताच खाली येते.

याहून मोठी गंमत अशी, की षड्जापासून पंचमाच्या उड्या मारीत गेले तर सा, प, रे, ध, ग, नि आणि सहाव्या उडीस म॑, असा कल्याणाचा संपूर्ण सप्तक हाती येतो. शुद्ध मध्यम या वाटेवर भेटत नाही. त्यासाठी षड्जाच्या मागे एक उडी घ्यावी लागते. चीनमध्येही प्राचीन काळी स्वर याच उड्यांनी काढीत, आणि तेथील जुन्या सप्तस्वरांत चौथा स्वर असाच चढा आहे. अमेरिकेतील जॅझ संगीताचे शास्त्रकार जॉर्ज रसेल यांनी १९५३ साली याच गोष्टीवर आपली सारी उपपत्ती उभारली. सूक्ष्म विचार करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे : सहा शुद्ध उड्यांनी आलेला म॑ सुमारे ३४१.७ भरतो, आणि पेटीचा म॑ सुमारे ३३९.४. तिन्ही एक नव्हेत. पेटीचा मध्यम तडजोडीचा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी असल्याच भेदांचा ध्यास घेऊन बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले. गळ्याने कोणता घ्यावा? तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून लक्ष देऊन ऐकल्यास गंधार उमटतो. त्या गंधाराशी व त्याच्या निषादाशी जो जुळेल तोच विद्यार्थ्याने घ्यावा, असे आमचे मत आहे.

आता अभ्यास. पेटी बंद करावी. तंबोरा मिरजेचा मिळाला तर भाग्यच; नाही तर हल्ली खिशातील फोनवरही तंबोऱ्याचा नाद मिळतो, तो पुरतो. प्रथम षड्ज-पंचमाचा तंबोरा लावून पंचमावर पुष्कळ वेळ थांबा. मग प म॑ प, एवढेच म्हणा. पंचमापासून अगदी थोडे खाली उतरून परत यावयाचे, सां नि सां म्हणताना उतरतो तसे. हे दोन तुकडे आलटून पालटून म्हटले की दोन्ही अर्धी अंतरे कानास सारखी ऐकू येऊ लागतात. यात आठ दिवस गेले तरी हरकत नाही.

नंतर सा रे, सा रे, असे म्हणून गंधारावर जा, आणि मनात गंधारासच षड्ज समजून तीच चाल पुन्हा म्हणा. तोंडाने ग म॑ म्हणावे, कानात सा रे असावे. जी मुले अडतात ती येथेच अडतात. त्यांचा म॑ अर्ध्यावरच थांबतो, कारण ग नंतर अर्धे पाऊल टाकण्याची सवय गळ्यास आहे. अशा मुलास रागावू नये. पुन्हा सा रे म्हणावयास लावावे.

तिसरी पायरी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. सा प ही उडी प्रत्येकास येते. तीच उडी मंद्र निषादावरून घ्यावयाची : ऩि म॑. पहिल्यांदा धडकी भरते, पण साधली की म॑ असा काही लागतो की तंबोरा अधिक मोठ्याने वाजू लागल्यासारखे वाटते. काही गायक यमनासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादात लावतात, त्याचे मर्म या उडीत कळते. हे साधल्यावर मग ऩि रे ग म॑ प, आणि पुढे यमनाचा खरा आरोह : ऩि रे ग म॑ ध नि सां. यात पंचम गाळला आहे, म्हणजे म॑ ला टेकावयास प नाही. पहिल्या पायरीवरच थांबलेल्या विद्यार्थ्याची येथे फजिती होते. अवरोहात सां नि ध प म॑ ग रे सा, असे सर्व स्वर येतात व पंचम भेटताच जीव भांड्यात पडतो.

अखेरची परीक्षा आम्ही अशी घेतो. तंबोरा चालू ठेवून मुलाने ग म प आणि ग म॑ प हे दोन्ही तुकडे सांगू तसे म्हणावेत. मग तंबोरा बंद करावा, त्याने यमनाची चीज एकट्याने म्हणावी, आणि संपताच तंबोरा पुन्हा लावून पाहावे. षड्ज जेथल्या तेथे असेल तर मध्यमही बहुधा असतोच.

एवढ्याने यमन येतो काय? नाही. थाट म्हणजे स्वरांची यादी; राग निराळा. भूपाली रागात मध्यम मुळीच नाही, तरी भातखंड्यांनी तो कल्याण थाटात घातला. त्याच पाच स्वरांचा देशकार बिलावलात आहे. केदारात तर शुद्ध मध्यम राजा व तीव्र मध्यम पाहुणा, पण थाट कल्याणच. यमनात गंधार वादी, निषाद संवादी. म्हणजे ज्या दोन स्वरांवर तीव्र मध्यम उभा आहे तेच दोन. रात्रीच्या पहिल्या प्रहरी तो गातात. 'स्वयंवर' नाटकातील (१९१६) 'नाथ हा माझा' हे पद घरातील वडील मंडळींनी ऐकलेले असेल, त्यांच्याकडून ऐकावे. त्याची चाल भास्करबुवा बखल्यांची. गीतरामायणात भरताची समजूत घालणारे रामाचे जे गीत आहे ते यमनकल्याणात आहे. यमनकल्याणात दोन गंधारांच्या मध्ये शुद्ध मध्यमाचा हलका स्पर्श होतो. तो स्पर्श आणि आमच्या मुलांची घसरण यांत काय भेद आहे, हे ते गीत दोनदा लक्षपूर्वक ऐकले की सांगावे लागत नाही.

यंदाच्या संमेलनात पुन्हा यमनच घेतला आहे. त्या तेलुगू बाईंस आम्ही आवर्जून बोलाविले आहे, आणि त्यांच्या घरचा तंबोरा त्या घेऊन येणार आहेत. त्याची पहिली तार निषादात लावण्याचे ठरले आहे. पेटी शाळेच्या कपाटात राहील.